सगळीच माणसं चांगली असताना नाटक कुठे असतं?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ गांधीजींनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी वसवलेल्या टॉल्स्टॉय फार्म या वस्तीविषयी तुम्ही दोन अंकी नाटक लिहिलंत. त्यासाठी दोन वर्षं वाचन केलंत, संहिता शंभर पानांच्या वर गेली, आणि घरगुती वाचनाला जमलेले मित्र म्हणाले, "माहिती खूप मिळाली, पण नाटक झालं नाही." वस्तीतली सगळीच माणसं भली, एकमेकांसाठी झिजणारी. मग संघर्ष आणायचा कुठून? तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना रंगमंचावर आणू का, की वस्तीतच एखादा काल्पनिक फितूर घालू, असं तुम्ही विचारता.

यातलं काहीच करू नका. स्मट्स आले की नाटक राजधानीत, प्रिटोरियाला जाईल आणि फार्म मागे राहील. फितूर घातलात तर प्रेक्षक सगळा त्रास त्या एका वाईट माणसाच्या नावावर टाकून मोकळा होईल, आणि भल्या माणसांनी भलेपणासाठी काय किंमत मोजली हे त्याला कधीच दिसणार नाही. तुमच्या विषयात खरा ऐवज तोच आहे.

मी तीस-एक वर्षं नाटकं लिहिते आणि बसवते. सुरुवातीच्या काळात मीही एका आश्रमावर नाटक लिहिलं होतं. विचार उत्तम होते, भाषणं दीर्घ होती. तालमीच्या चौथ्या दिवशी आमच्यातली एक नटी संहिता मिटून म्हणाली, "मी या प्रवेशात हातांनी काय करत असते ते सांगा, म्हणजे मला उभं राहता येईल." मी पानं चाळली. संपूर्ण नाटकात एकाही बाईच्या हाताला काम नव्हतं. आश्रम चालतो कसा, दळण कोण दळतं, शौचाचा खड्डा कोण बुजवतं, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. ते नाटक स्पर्धेत पडलं आणि ते योग्यच झालं. तेव्हापासून अशा विषयाला हात घालताना मी आधी एक वही करते आणि तिच्यात वस्तीचे फक्त नियम लिहून काढते. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहायच्या: तो कोणी केला, तो पाळायला सगळ्यांत जड कोणाला गेला, आणि तो कधी मोडला. आदर्श वस्तीचं नाटक या तीन रकान्यांत असतं. माणसं चांगली असली तरी नियम सगळ्यांवर सारखा बसत नाही.

तुमच्या फार्मचीच वही करून पाहू. ३० मे १९१० रोजी हर्मन कॅलनबॅक या ज्यू वास्तुविशारदाने आपली अकराशे एकरांची जमीन सत्याग्रहींना विनाभाडं वापरायला दिली. तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना दरमहा पैसे देणं संघटनेला झेपेना, म्हणून सगळ्या कुटुंबांनी एकत्र राहायचं ठरलं. म्हणजे ही माणसं एखादं स्वप्न घेऊन तिथे आली नव्हती. नवरा तुरुंगात, घरभाड्याला पैसे नाहीत, म्हणून बऱ्याच बायका आल्या. आदर्श त्यांना तिथे पोचल्यावर भेटला. तुमच्या संहितेत मात्र पहिल्याच प्रवेशात सगळे जण टॉल्स्टॉयच्या विचारांनी भारून आलेले आहेत. हा प्रवेश काढा. त्याऐवजी स्टेशनपासून फार्मपर्यंत मूल काखेला मारून चालत येणारी तमिळ बाई दाखवा, जिला अजून कुठे चाललोय हे पुरतं माहीत नाही.

आता नियम बघा. स्वयंपाकघर एकच. मांस नाही, दारू-तंबाखू नाही. नोकर नाही, संडास साफ करण्यापासून रांधण्यापर्यंत सगळं आपण करायचं. शहरात खासगी कामासाठी जायचं तर चालत जायचं, एकवीस मैल. चालणारे रात्री दोनला उठून अडीचला निघत. साप दिसला तरी शक्यतो मारायचा नाही. सकाळी सहाला पाव आणि गव्हाची कॉफी, अकराला भात-डाळ-भाजी, संध्याकाळी साडेपाचला गव्हाची लापशी आणि दूध किंवा पुन्हा पाव आणि तीच कॉफी. सात-साडेसातला प्रार्थना, नऊला झोप. जेवायला तुरुंगातल्यासारखे वाडगे, चमचे लाकडाचे, तिथेच केलेले. अंगात निळ्या जाड कापडाचे मजुराचे पँट-शर्ट, तेही कैद्यांच्या पोशाखावरून घेतलेले. गांधीजींनी पुढे दिलेल्या आकड्यांप्रमाणे चाळीसेक तरुण, दोन-तीन म्हातारे, पाच बायका, वीस-तीस मुलं आणि त्यांत चार-पाच मुली. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. चाळीस पुरुषांत पाच बायका, आणि कपडे शिवण्याचं खातं बायकांकडे. नटीच्या हाताला काम मिळालं की नाही?

यातला जो प्रवेश तुम्ही लिहिलाच नाहीत, तोच माझ्या मते नाटकाचा मणका आहे. मुलींच्या केसांचा.

घटना तुम्हाला माहीत आहे. मुलगे आणि मुली एकाच वेळी झऱ्यावर आंघोळीला जात, रात्री एकाच व्हरांड्यात झोपत, दोन अंथरुणांत जेमतेम तीन फुटांचं अंतर. संयम हा एकत्र राहूनच शिकायचा, अशी गांधीजींची श्रद्धा होती. एक दिवस एका मुलाने दोन मुलींची थट्टा केली. गांधीजींनी मुलग्यांना समजावलं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी मुलींना सुचवलं की तुमचे केस मला कापू द्या. मुली तयार होईनात, मोठ्या बायकांनाही आधी ते सहन होईना, शेवटी त्या राजी झाल्या, आणि गांधीजींनी स्वतःच्या हाताने कात्री चालवली.

चूक मुलाची आणि केस मुलीचे. आजचा प्रेक्षक खुर्चीत सावरून बसेल, आणि त्याला तसंच बसू द्या. तुम्ही कळवलंय की गांधीजींची प्रतिमा डागाळेल म्हणून हा प्रसंग गाळला. मला वाटतं, गाळल्यानेच ते लहान होतात. हा प्रसंग आपल्याला कळला तो त्यांनीच लिहून ठेवला म्हणून. इतरांनी त्याचं अनुकरण करावं असं आपण सुचवत नाही, हेही त्यांनी बजावलं. ज्याने स्वतः हे उघड्यावर मांडलं त्याच्यावर आपण पांघरूण घालायचं कारण नाही.

लिहायचा कसा ते सांगते. त्यांच्या वृत्तांतात "आधी पटलं नाही, शेवटी कबूल झाल्या" एवढ्यावर बायकांचा भाग आटोपतो. जिथे साधन एका ओळीत संपतं, तिथे नाटककाराची जागा सुरू होते. मुली मोठ्या बायकांकडे धावत गेल्या असतील, तेव्हा त्या शिवत असतील. पाच बायका, पैकी चौघींचे नवरे या ना त्या तुरुंगात, असं धरून चाला. एकीला मुलगी आपलीच. तिला वाटतं, गांधीभाई म्हणतात तर असेल काही. दुसरीला वाटतं, केस काढायचे ते कोणी गेल्यावर, आणि माझा नवरा जिवंत आहे. तिसरी विचारते, मुलाचं काय कापलं? चौथी काही बोलत नाही आणि टाके घालत राहते. इथे कोणीही वाईट नाही. प्रत्येकीचा गांधीजींवर जीव आहे आणि प्रत्येकीच्या पोटात गोळा आला आहे. दहा मिनिटांचा हा प्रवेश तुमच्या स्मट्सपेक्षा जास्त ताणलेला होईल. कात्रीचा प्रवेश त्यानंतर जवळजवळ मुका ठेवा. आणि बसवताना एक व्यावहारिक गोष्ट: दर प्रयोगाला दोन गंगावनं कापली जाणार, त्याचा खर्च आधीच धरा. नटीच्या स्वतःच्या वेणीत ते असं गुंफायचं की कात्री लागल्याचा आवाज पहिल्या दहा रांगांत गेला पाहिजे. हा आवाज ध्वनिमुद्रित वापरू नका.

केसांच्या शेजारी लुटावनचा प्रसंग ठेवा. उत्तर हिंदुस्थानातला सत्तरीपुढचा दमेकरी म्हातारा, गांधीजींकडे निसर्गोपचारासाठी राहिलेला, तंबाखू सोडायच्या अटीवर. खोकला कमी होईना तेव्हा गांधीजींना शंका आली. साप येतील म्हणून ते रात्री उशाला विजेरी ठेवत. मध्यरात्री काडी ओढल्याचा उजेड झाला, ते हळूच उठून गेले आणि विजेरीचा झोत म्हाताऱ्यावर टाकला. तो रडला, पाया पडला, पुन्हा ओढणार नाही म्हणाला, आणि पुढे बराही झाला. प्रकाशयोजनाकाराला हा प्रवेश दिलात तर तो तुमचे आभार मानेल: पूर्ण काळोख, एक काडी, मग एक झोत, बाकी काही नाही. पण लिहिताना ध्यानात ठेवा की तो झोत प्रेमाचाही आहे आणि पहाऱ्याचाही. यातलं एक पुसून दुसरं ठेवलंत की प्रवेश मेला. केसांच्या प्रसंगात आणि इथे एकच माणूस रात्री जागा आहे. सगळ्यांसाठी जागणारा माणूस वस्तीला हवाही असतो आणि त्याचं ओझंही होतं. गांधीजींचं पात्र तुम्हाला इथून सापडेल, त्यांच्या प्रार्थनेनंतरच्या भाषणांतून सापडणार नाही. ती भाषणं कापा. तीन आहेत, तिन्ही कापा.

सापाचा नियम मी थोडक्यात सांगते, कारण तो हलका आहे आणि हलकाच ठेवायला हवा. कॅलनबॅकनी सापांवरची पुस्तकं आणली, मुलांना विषारी-बिनविषारी ओळखायला शिकवलं, एक नाग पिंजऱ्यात ठेवून स्वतःच्या हाताने खाऊ घातला. अल्ब्रेश्त नावाचा एक अपंग जर्मन तरुण तिथे राहत होता. त्याचा आक्षेप असा की मैत्री आहे तर पिंजरा का? एक दिवस पिंजरा रिकामा सापडला. मुलांसाठी हा प्रवेश सुंदर होईल. आणि पुढे कॅलनबॅक यांच्याच खोलीत अशा जागी साप निघाला की तो ना पकडता येई, ना हाकलता येई. एका विद्यार्थ्याने मारायची परवानगी मागितली आणि गांधीजींनी ती दिली. पहिल्या अंकात नियम मोडताना हाच एकदा दाखवा. परवानगी देणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकाला दिसला पाहिजे.

आता रचनेकडे येऊ. तुमचं नाटक १९१० पासून १९१३ पर्यंत सालवारीने चालतं आणि प्रत्येक प्रवेशाआधी निवेदक तारीख सांगतो. अशाने प्रेक्षक पाहुणा राहतो. मी असते तर पाहुणाच रंगमंचावर आणला असता, आणि इतिहासाने तो तुम्हाला फुकट दिला आहे: गोपाळ कृष्ण गोखले.

१९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोखले दक्षिण आफ्रिकेत होते. मधुमेहाने पोखरलेली तब्येत. गांधीजींनी प्रेमापोटी गृहीत धरलं की स्टेशनपासून फार्मपर्यंतचं मैल-दीड मैल अंतर ते चालतील. नेमका पाऊस आला. गोखले भिजले, गारठले. त्यांची सोय कॅलनबॅक यांच्या खोलीत होती आणि स्वयंपाकघर लांब. गांधीजींनी खास सूप केलं, कोतवाल नावाच्या सहकाऱ्याने खास पाव केला, पण खोलीपर्यंत पोचेतो सगळं गार झालं. गोखल्यांनी तक्रार न करता ते खाल्लं. मग त्यांना कळलं की इथे सगळे जमिनीवर झोपतात आणि खाट फक्त आपल्यासाठी आणली आहे. त्यांनी खाट हलवायला लावली आणि अंथरूण जमिनीवर घातलं. गांधीजी आणि कॅलनबॅक पाय चेपून देतो म्हणाले, तर त्यांनी हातही लावू दिला नाही. अर्धं हसत, अर्धं रागावून त्यांनी सुनावलं ते असं: कष्ट सोसायला तुम्हीच जन्माला आलात आणि आम्ही फक्त लाड करून घ्यायला, असं तुम्हाला वाटतं का? तुमच्या या अतिरेकाची शिक्षा आज भोगा, तुमचा गर्व मी उतरवणार आहे.

लेखक म्हणून मी हा प्रसंग वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. ज्याला गांधीजी गुरू मानत तो माणूस, गारठून गेलेला, जमिनीवर पडून, वस्तीच्या मर्मावर बोट ठेवतो: तुमच्या साधेपणात दुसऱ्यापेक्षा वरचढ असण्याचा वास आहे. आणि तेही तो वाद घालून सांगत नाही. स्वतः खाट नाकारून, म्हणजे वस्तीचाच नियम वस्तीपेक्षा कडकपणे पाळून, तो ते दाखवतो. गांधीजींनी लिहिलंय की ती सगळी रात्र त्यांना पश्चात्तापाची गेली. दुसरा अंक म्हणजे ही एक रात्र. दुसरं काही घालू नका. खोली, पाऊस, गार झालेलं सूप, हलवलेली खाट, बाहेर व्हरांड्यात न झोपलेले गांधीजी. पहिल्या अंकात आपण पाहिलेले नियम या रात्री एकेक करून गोखल्यांच्या दाराशी येतात. तुमच्या तमिळ बाईला इथे आणा. सूप तिच्या हातून आत जाऊ दे. पाहुण्यासाठी खाट आली हे तिने पाहिलंय, आणि बाळंतपणाच्या वेळी आपल्यासाठी आली नव्हती हेही तिच्या लक्षात आहे. (बाळंतपण हे मी सुचवलेलं. इतिहास म्हणून ते कुठे सांगू नका.)

मध्यंतर कुठे, हे त्यातून आपोआप ठरतं. पहिल्या अंकाचा शेवट स्टेशनवर, पहिले थेंब पडतात तिथे. एक सावधगिरी: तुमच्या रंगसूचनेत नोव्हेंबरची कडाक्याची थंडी आहे. दक्षिण गोलार्धात तो उन्हाळ्याचा आणि पावसाचा हंगाम असतो. वस्तीच्या नव्या इमारती नालीदार पत्र्याच्या होत्या, कॅलनबॅक यांच्या देखरेखीखाली दोनेक महिन्यांत उभ्या केलेल्या. पत्र्यावरचा पाऊस आपल्याकडे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पार्श्वसंगीत म्हणून तेवढं पुरे, व्हायोलिन नको.

वयांचंही तसंच. त्या रात्री गोखले ४६ वर्षांचे, गांधीजी ४३, कॅलनबॅक ४१. तुमच्या पात्रयादीत गोखल्यांपुढे "वृद्ध" लिहिलंय. सव्वादोन वर्षांनी ते गेले हे आपल्याला माहीत आहे, त्या खोलीत ते कोणालाच माहीत नव्हतं. तिन्ही नट चाळिशीचे घ्या. गांधीजींच्या अंगात पंचा नाही, पँट-शर्ट आहे, डोक्यावर केस आहेत, आणि त्यांना कोणीही महात्मा किंवा बापू म्हणत नाही. पडदा उघडल्यावर प्रेक्षकाने त्यांना क्षणभर ओळखलंच नाही तर उत्तम. बॅरिस्टर जोसेफ रॉयप्पन यांचं पात्र तुम्ही नुसतं कोर्टाच्या गोष्टी सांगायला ठेवलंय. हा माणूस बॅरिस्टरीचा तोरा बाजूला ठेवून तिथे सामान वाहत होता. त्याला हातगाडी द्या आणि ती ओढत ओढत बोलू द्या. चपला शिवण्याचंही तसंच: कॅलनबॅक मारियनहिलच्या ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठात ती कला शिकून आले आणि गांधीजी त्यांच्याकडून शिकले. चामड्यातून सुई ओढताना माणूस भाषण करू शकत नाही, त्याची वाक्यं आपोआप छोटी होतात. तुमच्या संवादांना त्याची गरज आहे.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या संहितेतली सगळ्यांत मोठी अडचण तीच आहे. वस्तीत गुजराती, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी चालतं. नाटक मराठीत आहे. तुम्ही तमिळ पात्रांना "अय्यो" म्हणायला लावलंत आणि कॅलनबॅकना मोडकं मराठी दिलंत. हे सगळं काढा. मी वेगळी वाट सुचवते. भाषा बदलली हे उच्चारातून दाखवू नका, ओघातून दाखवा. तमिळ बायका आपसात बोलतात तेव्हा नाटकातलं सगळ्यांत वाहतं, रसरशीत, घरगुती मराठी त्यांच्या तोंडी द्या. त्याच बायका गांधीजींसमोर आल्या की वाक्यं तोकडी, शब्द मोजके. म्हणजे या बाईला बुद्धी कमी नाही, समोरच्याची भाषा कमी आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. केसांच्या प्रवेशात याचा किती उपयोग होईल पाहा: शिवणाच्या खोलीत जिने दहा मिनिटं धारदार युक्तिवाद केला, ती गांधीजींसमोर फक्त "नको" एवढंच म्हणू शकते. गोखले आणि गांधीजी इंग्रजीत बोलत, त्यांना नेटकं, पूर्ण वाक्यांचं, जुन्या वळणाचं मराठी द्या.

आणि मग येतो एक मोह. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती होती. त्यांच्यापुढे गोखल्यांनी मराठीत बोलावं असा गांधीजींनी आग्रह धरला आणि दुभाष्या आपण होतो म्हणाले. गोखले खळखळून हसले: तुमचं हिंदुस्तानी मला माहीत आहे, आता मराठीही येतं म्हणता, हे ज्ञान मिळवलंत कुठे? भाषण मराठीत झालं, आणि पुढे झांझिबारपर्यंत प्रसंग आला की गोखले मराठीतच बोलले. मराठी प्रेक्षागृहात यावर टाळ्या पडतीलच. पण ती घटना फार्मवरची नाही, ती घेतलीत तर दुसऱ्या अंकातल्या रात्रीला भोक पडेल. तिचा उपयोग दुसरीकडे करा. रात्री सगळे गेल्यावर गोखले एकटे जमिनीवर पडलेले असतात. त्या क्षणी त्यांची भाषा बदला. नेटकी वाक्यं गळून पडू देत, कण्हत कूस बदलणाऱ्या माणसाचं घरातलं मराठी येऊ दे. अख्ख्या नाटकात खरोखरचं मराठी तेवढंच, चार-पाच वाक्यांचं. दाराबाहेर गांधीजी ते ऐकतात, आणि त्यांना अर्धंच कळतं.

साधनांबद्दल. तुमची बरीचशी सामग्री गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासातून आली आहे. तो त्यांनी १९२३ साली येरवड्याच्या तुरुंगात सांगायला घेतला, गुजरातीत, घटनांनंतर दहा-अकरा वर्षांनी आणि बराचसा आठवणीवर. म्हणजे तुम्ही वाचता ती वस्ती एका माणसाच्या आठवणीतली वस्ती आहे, आणि तो माणूस स्वतःला कठोरपणे तपासणारा असला तरी एकच आहे. लुटावनने काही लिहून ठेवलं नाही, त्या दोन मुलींनी नाही. म्हणून माझा नियम असा: ज्यांचं बोलणं नोंदलं गेलं आहे त्यांच्या तोंडी नवे विचार घालायचे नाहीत, आणि ज्यांचं काहीच नोंदलं गेलं नाही त्यांना भरपूर बोलू द्यायचं. गांधीजींच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २००८ च्या अखेरीला संपला, पण मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. अनुवादातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका, मूळ गुजरातीवरून स्वतः करा. आणि संहितेच्या एका प्रतीत प्रत्येक प्रसंगासमोर तो खरा की कल्पित, खरा असेल तर कुठून, हे समासात लिहून ठेवा. प्रयोगाआधी संहिता ती तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे जाईल, केसांच्या प्रवेशावर कोणीतरी बोट ठेवीलच. त्या दिवशी ही प्रत कामी येते.

अजून एक गोष्ट मला खटकली आणि ती मी मोकळेपणाने लिहिते. आफ्रिकेतल्या अकराशे एकरांवरच्या या नाटकात एकही आफ्रिकी माणूस नाही, त्याचा उल्लेखही नाही. फार्म मोडत आलं त्याच वर्षी, जून १९१३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत तो जमीन कायदा झाला ज्याने काळ्या लोकांना देशाच्या सुमारे सात टक्के भागाबाहेर जमीन घेणं बंद केलं. एक भला गोरा माणूस अकराशे एकर सहज वापरायला देऊ शकत होता, तो या व्यवस्थेतच. यावर भाषण नको, आणि सगळ्यांना आशीर्वाद देणारा शहाणा आफ्रिकी म्हाताराही नको. शाळेचा प्रवेश आहे तुमच्याकडे. दुपारची वेळ, श्रमाने मुलं पेंगुळलेली, शिकवणारेही पेंगुळलेले. एखाद्या मुलाला विचारू दे की कॅलनबॅककाकांच्या आधी ही संत्र्याची झाडं कोणाची होती. कॅलनबॅक आधीच्या मालकाचं नाव सांगतात. मूल विचारतं, त्याच्या आधी? तिथे प्रवेश सोडा.

आता शेवट, ज्याच्याविषयी तुम्ही सगळ्यांत जास्त अडलेले आहात. अमेरिकेत इंडियानातल्या न्यू हार्मनीसारखी वस्ती असती तर शेवट आयता मिळाला असता: रॉबर्ट ओवेनने १८२५ मध्ये सुरू केलेला तो प्रयोग दोनच वर्षांत आपसातल्या भांडणांनी मोडला. टॉल्स्टॉय फार्म भांडणाने मोडलं नाही. कुटुंबं हळूहळू परतली आणि १९१३ च्या सुरुवातीला गांधीजी फिनिक्सला, डरबनजवळच्या आपल्या आधीच्या वस्तीत, गेले. तुमच्या संहितेत हा निरोपाचा प्रवेश आहे, सगळे रडतात आणि नाटक संपतं. पण गोष्ट तिथे संपत नाही.

१९१३ च्या सत्याग्रहात पहिल्यांदा बायका उतरल्या, आणि ट्रान्सवालमधून, म्हणजे जोहान्सबर्गच्या प्रांतातून, कोणाला बोलवायचं असा प्रश्न आला तेव्हा गांधीजींना आठवल्या त्या टॉल्स्टॉय फार्मवर राहिलेल्या बायका. अकरा जणी निघाल्या, एक सोडून सगळ्या तमिळ, सहा जणींच्या कडेवर तान्ही मुलं. सरकार त्यांना पकडेना, तेव्हा त्या सीमा ओलांडून शेजारच्या नाताळ प्रांतात न्यूकॅसलला गेल्या आणि त्यांच्या बोलण्यावर कोळसा खाणीतल्या मजुरांनी संप केला. बायकांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. गांधीजींसमोर जिला "नको" यापलीकडे बोलता येत नव्हतं, ती तुमची बाई हजारो मजुरांशी तिच्या भाषेत बोलली. तिची भाषा वाहती का ठेवायची, हे इथे कळतं.

आणि ६ नोव्हेंबर १९१३ च्या सकाळी साडेसहाला या संपकऱ्यांचा जो मोर्चा निघाला, २,०३७ पुरुष, १२७ बायका, ५७ मुलं, त्याला जायचं होतं टॉल्स्टॉय फार्मवरच. रोज वीस-चोवीस मैल, आठ दिवसांत पोचायचं. कॅलनबॅकनी तिकडची तयारी केली होती. मजुरांच्या मदतीने मातीच्या झोपड्या बांधायच्या, तोवर म्हातारे आणि अशक्त तंबूंत राहतील. काळजी एकच होती, पाऊस तोंडावर आला होता. मोर्चा पोचलाच नाही. वाटेत बॅलफोरला सगळ्यांना आगगाड्यांत घालून नाताळ प्रांतात परत पाठवलं. गांधीजी, त्यांचे सहकारी पोलक आणि कॅलनबॅक तिघेही तुरुंगात गेले.

शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर माणूस नको. रिकामं फार्म, रॉयप्पनची हातगाडी कडेला, घड्या घालून ठेवलेली कांबळी, माणशी दोन, एक खाली आणि एक वर, जेवढी नेपथ्यात मावतील तेवढी. लाकडी चमच्यांचा ढीग. एका बाजूला गोखल्यांनी हलवायला लावलेली खाट. विंगेतून त्या बाईचा आवाज मोर्च्याची मोजणी सांगतो: पुरुष, बायका, मुलं. आकडा पूर्ण झाला की थांबा, दहा-बारा सेकंद काहीच करू नका. मग पत्र्यावर पाऊस सुरू होऊ द्या आणि प्रेक्षागृहातले दिवे रंगमंचावरच्या दिव्यांआधी लावा.